मुंबई ते लंडन : नकाशावरचे अंतर आणि आकाशातले अंतर

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत सरळ दोरा ताणला तर अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. हा आकडा कोणत्याही काळी तोच. बदलत गेला तो प्रवासाचा काळ. यंत्रांची शक्ती वाढली म्हणून तो घटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पिरियल एअरवेजने लंडन–कराची विमानसेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा होता. बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी, आणि पुढे भूमध्य समुद्रावरून पुन्हा विमान! या आगगाडीचे कारण यंत्रात नव्हते. फ्रान्सच्या बाजूने येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटली आपल्या आकाशात शिरू देत नव्हता. मुंबई या मार्गाला जोडली गेली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून आपले छोटे विमान जुहूच्या मैदानावर उतरविले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत सुमारे चोवीस तासांच्या प्रवासानंतर लंडनला पोहोचले. आगबोटीला ज्या वाटेवर दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे, ती वाट एका अहोरात्रात सरली. या वेगाचे मोलही द्यावे लागले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच विमान जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जणांचा अंत झाला. मृतांत बोटीवर रुजू होण्यासाठी निघालेले अनेक खलाशी होते. समुद्रावरच्या कामासाठीच त्यांनी आकाशाची वाट धरली होती.

१९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान आले. पुढे वाटेतले थांबे गळाले आणि विनाथांबा उड्डाणाला साडेनऊ-दहा तास पुरू लागले. परतीला तर त्याहूनही सुमारे तासभर कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वारे विमानाला पाठबळ देतात.

अंतर आता जिंकले, असे वाटत असतानाच २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये तर भारत व पाकिस्तान या दोघांनीही एकमेकांच्या विमानांना मज्जाव केला. पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घालणे भाग पडले. मुंबई–लंडनची सरळ रेषा जवळजवळ कराचीवरूनच जाते. ज्या शहरातून आपल्याकडे पहिले हवाई टपाल आले, नेमके त्याच शहरावरचे आकाश आपल्याला मिटले.

वारा, डोंगर आणि इंधन यांच्याशी माणसाने शतकभर झुंज दिली आणि बव्हंशी ती जिंकली. १९२९ सालच्या प्रवाशाला आगगाडीत बसविणारा अडथळा मात्र या तिघांपैकी नव्हता. तो माणसानेच उभारला होता, आणि तो अजून ओलांडायचा राहिला आहे.