हप्ता आणि हंगाम : वनपट्ट्यातील स्वयंचलित वसुलीच्या अभ्यासाकडे

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने आधी मँडेटचा, म्हणजे खात्यातून परस्पर हप्ता कापू देण्याच्या परवानगीचा, अर्ज हातात घ्यावा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. खाते क्रमांक, कमाल रक्कम, सुरुवातीची तारीख, सही. ही परवानगी नोंदली गेली की कर्ज देणाऱ्या संस्थेची बँक एनएसीएच या राष्ट्रीय यंत्रणेमार्फत कर्जदाराच्या बँकेकडे रक्कम मागते. वसुलीसाठी कुणी दारात येत नाही. चारचौघांत हप्ता मागितला जाण्याची नामुष्की ज्यांनी सोसली आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सुटका आहे आणि अभ्यासकाने ती कमी लेखू नये.

याच अर्जावर वारंवारितेचा एक रकाना असतो : मासिक, त्रैमासिक, सहामाही, वार्षिक किंवा मागणी होईल तेव्हा. खूण सहसा 'मासिक'वर होते. चंद्रपूरच्या वेकोलि खाणीतल्या किंवा बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या कायम कामगाराला ते सोयीचे आहे, कारण त्याचा पगार महिन्याला होतो. वनपट्ट्यातल्या एटापल्ली किंवा कोरचीच्या कुटुंबाचे तसे नाही. मार्च-एप्रिलला मोह, त्यामागून तेंदू, मग धान. तेंदूची मजुरी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मिळाली तरी बोनस मागाहून येतो. धान आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घातले तरी चुकारे खात्यात कधी पडतील, याची वाट पाहावी लागते. पाच तारखेला हप्ता कटतो तेव्हा खाते रिकामे असते. मग बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. कुटुंबाची ऐपत असते, पैसा फक्त त्या तारखेला नसतो.

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराचा सिद्धांत मांडताना, ती गोष्ट लोकांच्या चालू जगण्याशी किती जुळते यालाही महत्त्व दिले होते. पुढे १९९० मध्ये टॉर्नाट्झकी आणि फ्लायशर यांनी तंत्रज्ञान, संस्था आणि परिस्थिती या तीन अंगांची चौकट दिली. दोन्ही वाचायलाच हवीत. पण त्या चौकटीत निर्णय घेणारा असतो व्यवसाय. पैसे ज्याच्या खात्यातून जाणार तो बाजूलाच राहतो. माझ्या मते आपल्या अभ्यासाची खरी जागा तिथे आहे. संस्था यंत्रणेशी जोडली गेली म्हणजे तंत्रज्ञान स्वीकारले गेले, असे मोजणे अपुरे आहे. परत आलेले हप्तेही मोजले पाहिजेत.

शिवाय हा प्रश्न केवळ व्यवसायाच्या निवडीचा नाही; त्याभोवती कायदा आणि नियमही आहेत. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार, पुरेशी शिल्लक नसल्यामुळे असा हप्ता परत जाणे हा चेक बाऊन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच सुटीच्या दिवशीही चालते. कार्ड आणि यूपीआयवरच्या मँडेटसाठी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देण्याचा नियम आहे. भामरागडच्या आतल्या, रेंज नसलेल्या गावात ती वेळेवर वाचली जाईलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेत खातेदारांच्या नकळत पैसे कापले जाण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा तिथे डेबिचेक आले. त्यात खातेदार आपल्या बँकेमार्फत स्वतः करार मान्य करतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या सूक्ष्मवित्त चौकटीने आणखी एक दार उघडले आहे : परतफेडीची वारंवारिता कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवता यावी, असे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने करायचे आहे. या तरतुदीची चर्चा फार कमी होते, आणि वनपट्ट्याला तिच्याइतकी उपयोगी दुसरी कुठली तरतूद मला दिसत नाही.

गोंडवाना विद्यापीठातल्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या मुलामुलींना हा अभ्यास घराजवळ करता येईल. दुचाकी विकणारा दुकानदार, पतसंस्थेचा व्यवस्थापक, पिग्मी गोळा करणारा एजंट, बचत गटाची अध्यक्ष, सगळ्यांशी बोला. पिग्मी एजंटाशी जरा जास्तच बोला, कारण कुणाकडे कधी जायचे आणि कधी थांबायचे हे त्याला ठाऊक असते. मग एखाद्या संस्थेकडून, नावे वगळून, वर्षभरात 'अपुरी शिल्लक' शेऱ्याने परत आलेल्या हप्त्यांच्या तारखा मागून घ्या. त्यांच्याशेजारी त्याच गावांतल्या तेंदूच्या, धानाच्या आणि चुकाऱ्यांच्या तारखा मांडा, आणि तिथून सुरुवात करा.