फ्लोरिडातील मोरोक्को : मनोरंजननगरीतील अस्सल कारागिरी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन संकुलातील ‘एपकॉट’ हे थीम पार्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुले झाले. त्यातील ‘वर्ल्ड शोकेस’ या विभागात एका तळ्याभोवती विविध देशांची दालने आहेत. प्रारंभीच्या ९ दालनांमध्ये सप्टेंबर १९८४ मध्ये मोरोक्कोच्या दालनाची भर पडली.

इतर दालनांना प्रामुख्याने खासगी कंपन्यांचे पाठबळ होते. मोरोक्कोच्या दालनात मात्र त्या देशाचे शासन स्वतः सहभागी झाले. राजे हसन दुसरे यांनी आपल्या देशातील निष्णात कारागीर फ्लोरिडाला पाठविले. भिंती, खांब व कारंज्यांवरील नक्षीकाम त्यांच्याच हातचे आहे.

या नक्षीला ‘झेलिज’ म्हणतात. मातीच्या फरशा भाजून, त्यांवर रंगीत झिलई चढवून त्या पुन्हा भाजल्या जातात. नंतर धारदार हातोडीने त्यांचे लहान लहान तुकडे घडवितात. हे तुकडे पालथे मांडून मागील बाजूने गिलाव्याने सांधले जातात. त्यामुळे काम पूर्ण होईपर्यंत नक्षीची दर्शनी बाजू कारागिराला दिसत नाही. इस्लामी परंपरेस अनुसरून या नक्षीत मानवाकृती नाहीत; भौमितिक आकृत्यांवरच तिचा भर आहे.

दालनातील वास्तू मोरोक्कोतील प्रसिद्ध स्थळांवरून बेतलेल्या आहेत. दर्शनी मिनार मराकेश येथील बाराव्या शतकातील कुतुबिया मशिदीच्या मिनाराची लहान प्रतिकृती आहे. फेज शहरातील बाब बू जलूद या दरवाजाच्या प्रतिकृतीतून मदिना, म्हणजे जुन्या शहराच्या धर्तीवरील भागात प्रवेश होतो. तेथील अरुंद गल्ल्यांमध्ये दुकाने आहेत. फेजमधीलच नेज्जारिन, अर्थात सुतारांच्या चौकातील कारंजेही येथे साकारले आहे.

मूळ स्थळी मिनार प्रार्थनेसाठी साद घालतो, तर कारंजे चौकाची तहान भागविते. फ्लोरिडात या मिनारालगत मशीद नाही. स्थळ व प्रयोजन बदलल्याने वास्तूचा अर्थ पालटतो, हे अशा प्रतिकृतींचे स्वाभाविक न्यून होय. तथापि येथील झेलिज हा नाटकाच्या नेपथ्यासारखा आभास नाही. फेज आणि मराकेशच्या भिंती सजविणाऱ्या परंपरेनेच तो घडविला आहे.

२०२० मध्ये दालनाचा कारभार डिस्ने कंपनीने स्वतःकडे घेतला. व्यवस्थापन बदलले, तरी कारागिरांनी घडविलेली नक्षी हीच या दालनाची खरी ओळख होय.