आपल्या पायाखालचा चिखल

स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात नोंदणीपासून करायची पद्धत आहे. मी मात्र त्याच्याही खाली, जमिनीत उतरणार आहे. सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, तेव्हा एवढी सवलत द्यालच!

मुंबईच्या बेटांमधल्या सखल भागात पूर्वी भरतीचं पाणी शिरायचं. १७८४ च्या सुमारास, गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत महालक्ष्मी आणि वरळीमधली खाडी बांधाने अडवली गेली. तोच आजचा लाला लजपतराय मार्ग. देवीच्या मूर्ती समुद्रातून वर काढल्या तेव्हाच बांध टिकला, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पाणी हटलं, चिखल राहिला. त्यावर दगड, मुरूम, शहराचा केरकचरासुद्धा पडला आणि पुढे चाळी-गिरण्या उभ्या राहिल्या. सखल भागात खाली आजही तीच चिकणमाती आहे. ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते, वजन आलं की खचते.

आपल्या अंगणाचं हेच झालं. पहिल्या कमिटीत मी होतो. गणपतीच्या आत काम उरकायचं म्हणून मीच म्हणालो, "जाड कोबा घाला, झालं!" दोन पावसाळ्यांत गेटजवळ कोबा फुटला आणि तळमजल्यावरच्या आजी अडखळून पडल्या. मनगट मोडलं. जन्मभर माती तपासणारा मी, घरची माती न तपासताच बोललो होतो.

दुसऱ्या वेळी आधी तपासणी केली. दीड फूट खणून, माती मोकळी करून वजनाच्या पाच टक्के चुना मिसळला. मुलं विचारायची, "काका, पानाला लावायचाय का?" चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलं की ते कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. हाताला चिकटणारी माती दुसऱ्या दिवशी भुरभुरीत झाली. मग तिच्यात थोडं सिमेंट मिसळून रोलर फिरवला आणि आठवडाभर ओल राखली. नुसतं सिमेंट चिकट मातीत नीट मिसळत नाही, म्हणून आधी चुना. पुढे चुना आणि मातीतली सिलिका यांची संथ क्रिया महिनोन्‌महिने चालते आणि जमीन घट्ट होत जाते.

पण हा उपाय अंगणापुरता. इमारतीचा भार खालच्या पक्क्या थरावरच टेकायला हवा. जपान-स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून यंत्राने खोल जमिनीतही चुना मिसळतात. मात्र मातीत कुजका कचरा किंवा क्षार जास्त असतील तर हा उपायही फसू शकतो. म्हणून तपासणी आधी.

आता पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. सभेत पहिला प्रश्न असतो, कार्पेट एरिया किती? तरुण सभासदांना एवढंच सांगतो: त्याआधी मातीचा अहवाल मागा, आणि घाई करणारा माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला त्या आजींची आठवण द्या.