गंज, भट्टी आणि फटफटी : जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय?

#धागा #इतिहास #जालना

१/
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराने लादलेले ट्रक रोज येतात. पत्रे, पाइप आणि यंत्रांचे तुकडे यांच्या ढिगात कधीकधी मोटारसायकलीचा सांगाडाही असतो. टाकी गंजलेली, मडगार्ड वाकलेले, चाकाचे आरे तुटलेले. अशा सांगाड्यापुढे दोन वाटा असतात. एक भट्टीकडे जाते, दुसरी कारागिराच्या शेडकडे. आजचा धागा दुसऱ्या वाटेबद्दल आहे. त्या वाटेवर काय जपले जाते आणि काय पुसले जाते, हे पाहू.

२/
आधी जालन्याविषयी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या जुन्या व्यापाराची साक्ष देते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. आज शहराची ओळख दोन गोष्टींनी आहे : बियाणे आणि बांधकामाची सळई. या सळईसाठी लागणाऱ्या कच्च्या मालात भंगार लोखंडाचा वाटा मोठा असतो.

३/
लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात गेलेल्या वस्तूचा चॅसिस क्रमांक, तिच्यावरचे वेल्डिंग, तिच्या मालकाने मारलेला रंग, सारे एकजीव होते. भट्टीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण भंगारातून पोलाद करणे खनिजापासून ते करण्यापेक्षा कमी ऊर्जेत होते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : वितळलेली वस्तू कोणता पुरावा घेऊन गेली?

४/
ही यंत्रे आली कुठून? ‘फटफटी’ हा शब्दच आवाजावरून पडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी बीएसए एम-२० सारख्या मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या. युद्ध संपल्यावर अशी वाहने लिलावांतून नागरी हाती आली. दिल्लीत तर लष्करी हार्ले-डेव्हिडसनला मागे प्रवासी डबा जोडून ‘फटफट सेवा’ चालवली गेली आणि ती १९९०च्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे मूळ यंत्रात फेरफार करण्याची परंपरा आपल्याकडे पहिल्या पिढीपासूनच आहे.

५/
मग देशी उत्पादन आले. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय लष्कराने ३५० सीसी बुलेटची मागणी नोंदवली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत व इथे जोडले जात. हळूहळू ते इथेच बनू लागले. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालू राहिली.

६/
दुसरे नाव जावा. झेक उद्योजक यानेचेक आणि जर्मन वाँडरर कंपनी यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये हे नाव तयार झाले. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावाने १९६१ पासून म्हैसूरला उत्पादन सुरू केले. १९७३ मध्ये गाडीचे नाव येझदी झाले. त्यामागे इराणमधील याझ्द शहराची आठवण आहे. किक आणि गिअर यांचा एकच दांडा ही तिची खूण. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा.

७/
तिसरी राजदूत. एस्कॉर्ट्सने १९६०च्या दशकात पोलंडच्या एसएचएल एम-११ या नमुन्यावरून ती आणली. १७५ सीसी, टू-स्ट्रोक, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. ती वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. पण कच्च्या रस्त्यावर ओझे वाहण्यात तिचा हात धरणारे थोडेच होते. त्यामुळे गावोगावच्या दूधवाल्यांची ती गाडी झाली.

८/
इथे थोडे थांबू. दूधवाल्याची राजदूत कारखान्यातून आली तशी कधीच राहत नसे. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला लोखंडी पट्ट्यांचे आकडे वेल्ड होत. मागचे कॅरिअर जाड सळईचे केले जाई. भार वाढला की मागचे शॉकअब बदलत, साडी अडकू नये म्हणून जाळी लावत. गावच्या वेल्डरने केलेले हे ‘कस्टमायझेशन’च होते, फक्त त्याला त्या काळी कोणी तसे म्हणत नव्हते.

९/
गरजेतून झालेल्या फेरफाराचे सर्वांत ठळक उदाहरण शेजारच्या गुजरातचे आहे. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९०च्या दशकात, दुष्काळाने बैल सांभाळणे अवघड झाले असताना, बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि शेतीची अवजारे जोडली. ‘बुलेट सांती’ म्हणून हे यंत्र गाजले आणि त्याला पेटंटही मिळाले. चारा-पाण्याच्या टंचाईत बैलजोडी विकावी लागणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगायला नको.

१०/
या गाड्या रस्त्यावरून गेल्या कशा? १९८४-८५ पासून जपानी तंत्रज्ञानाच्या १०० सीसी गाड्या आल्या. जालन्याहून फार दूर नसलेल्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला. नव्या गाड्यांना पेट्रोल कमी लागे. त्यात १९९६ आणि २०००च्या कडक प्रदूषण-निकषांनी टू-स्ट्रोक इंजिनांची वाट अडवली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. जुन्या गाड्या गोठ्यात, परसात, चिंचेखाली उभ्या राहिल्या.

११/
आणि गंज सुरू झाला. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की सजल लोह-ऑक्साइड तयार होते. मूळ धातूपेक्षा त्याचे आकारमान जास्त असते आणि ते सच्छिद्र असते. म्हणून ते पापुद्र्यांनी सुटते आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर धातूला राखतो, लोखंडावरचा राखत नाही. त्यामुळे इंजिनाचे ॲल्युमिनियमचे आवरण बरे दिसते आणि टाकीचा तळ मात्र चाळणीसारखा झालेला असतो.

१२/
आता कारागिराची शेड. पहिले काम पाना उचलण्याचे नाही, नोंदीचे आहे. चॅसिस आणि इंजिनावरचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी पडताळायचे. चारही बाजूंनी छायाचित्रे काढायची. प्रत्येक नट-बोल्ट कुठून निघाला ते चिठ्ठी बांधून ठेवायचे. उत्खननात थर नोंदवल्याशिवाय कुदळ पुढे जात नाही. इथेही नियम तोच, कारण गाडी एकदा खोलली की तिची मूळ मांडणी पुन्हा पाहायला मिळत नाही.

१३/
मग जाम झालेले इंजिन. सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल सोडून कित्येक दिवस मुरू द्यावे लागते. हातोड्याची घाई केली की पिस्टन फुटतो. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून ती हलवतात, त्याने आतले किटण सुटते. टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी ती पाण्याने भरून पेट्रोलची वाफ पूर्ण घालवावी लागते, नाहीतर स्फोट होतो.

१४/
सुटलेला सिलिंडर लेथच्या कारखान्यात जातो. तिथे त्याचे बोअरिंग होऊन ओव्हरसाइज पिस्टन बसतो. टू-स्ट्रोकमध्ये खरी मेख ऑइल सीलची. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते. सील कडक होऊन फटीतून हवा आत आली की मिश्रण बिघडते आणि वरून नवीकोरी दिसणारी गाडी किक मारून मारून दमवते. रंगावर खर्च करून सील विसरणारे पुष्कळ असतात.

१५/
सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार ही ठिकाणे पालथी घातली जातात. जे मिळत नाही ते लेथवर घडवले जाते. पितळी बुश, पिना, स्पेसर असे सारे. ज्या गावात रोलिंग मिलची यंत्रे रोज दुरुस्त होतात, तिथे धातू कापणारा आणि जोडणारा हात शोधावा लागत नाही. गाड्या वितळवणारे आणि गाड्या वाचवणारे असे दोन्ही कसब एकाच उद्योगाने पोसलेले आहे.

१६/
इंजिन चालू झाल्यावर खरा वाद सुरू होतो : पुढे काय? पहिला पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच करा. जावाच्या टाकीवरचे क्रोमचे पट्टे पुन्हा चढवा, रंगाची छटा जुळवा, सहा व्होल्टची वायरिंग ठेवा. दुसरा पक्ष म्हणतो, बारा व्होल्टची करा, हँडल खाली घ्या, मडगार्ड कापा, टायर रुंद घाला, म्हणजे गाडी आजच्या रस्त्यावर चालेल.

१७/
हा वाद मोटारसायकलीपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक पडक्या चर्चना ‘पूर्ण’ रूप देत होता. त्याला विरोध म्हणून इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने राखा, नवे रचू नका, असे तिचे सांगणे. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांच्या १९२३च्या संवर्धन-पुस्तिकेवर याच विचाराची छाप आहे.

१८/
आपला ‘जीर्णोद्धार’ शब्द मात्र वेगळ्या वळणाचा आहे. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आज दिसते ते अठराव्या शतकात होळकर घराण्याने बांधवलेले. जुन्या दगडांची जशीच्या तशी राखण हा तिथला हेतू नव्हता. देव पूजेत राहावा हा हेतू होता. जीर्णोद्धारात वस्तूचे वापरात राहणे महत्त्वाचे, जतनात तिचे पुरावा म्हणून राहणे महत्त्वाचे. गंजलेली गाडी उभारणारा प्रत्येक जण नकळत या दोहोंपैकी एक बाजू घेत असतो.

१९/
हौशी फेरफाराचाही इतिहास आहे. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये तरुणांनी गाड्या हलक्या करून ‘कॅफे रेसर’ घडवल्या, अमेरिकेत पुढचा काटा लांबवून ‘चॉपर’ झाले. महाराष्ट्रात अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ या उद्योगाने बुलेटच्या आधारे अशा गाड्या बांधून देशभर नाव मिळवले. नावातला षष्ठीचा प्रत्ययच सांगतो की ही गाडी कारखान्याची राहिली नाही, घडवणाऱ्याची झाली.

२०/
कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून हँडल किंवा सीट बदलण्यापूर्वीही परिवहन कार्यालयात चौकशी करावी, चॅसिस कापण्याचा विचार तर करूच नये.

२१/
जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली वाहने यात येतात. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते.

२२/
आता माझा मुद्दा. वारशाच्या या व्याख्येत फेरफार न झालेली गाडी बसते, म्हणजे बहुधा जपून वापरलेली, सुस्थितीतल्या घरची. दूध वाहून, खत वाहून, तीनदा चॅसिस जोडून घेतलेली राजदूत तिथे कशी टिकणार? ती ‘मूळ’ नाही आणि शोभेची कस्टमही नाही. तिच्या नशिबी सहसा भंगारच येते. खेड्याने यंत्र कसे आपलेसे केले याचा लिखित पुरावा फार थोडा आहे. तो पुरावा या वेल्डिंगमध्ये आहे.

२३/
संग्रहालयात आपण ताम्रपट जपतो, शिलालेखाचे ठसे घेतो. पण १९७५च्या दूधवाल्याचा ताम्रपट कुणी लिहिला नाही. त्याच्या गाडीला जोडलेला कॅनचा आकडा हाच त्याचा लेख. त्याची जाडी भाराचा अंदाज देते, सांधा कारागिराचे कसब सांगतो आणि झीज किती वर्षे फेऱ्या झाल्या ते सांगते. ‘ओरिजिनल’ करण्याच्या भरात ग्राइंडरने तो आकडा उडवला, तर गाडी सुंदर होते आणि मुकी होते.

२४/
म्हणून गाडी उभारणाऱ्यांना तीन विनंत्या. एक, गंज काढण्याआधी प्रत्येक फेरफाराचे छायाचित्र व माप घ्या. दोन, काढलेला जुना भाग फेकू नका, तारीख लिहून डबीत ठेवा. तीन, गाडीची वही करा : पहिला मालक कोण, कुठून घेतली, काय वाहिले, कोणी दुरुस्त केली, तुम्ही काय बदलले. पुढच्या पिढीला तुमचाही फेरफार वाचता आला पाहिजे.

२५/
मग तुम्ही ती कारखान्याच्या रूपात आणा, नाहीतर कायद्याच्या चौकटीत आपल्या मनासारखी करा. दोन्हींत वावगे काही नाही. आणि जी गाडी वाचवणे शक्यच नाही, ती खुशाल भट्टीत जाऊ द्या, तिची सळई होऊन कुणाच्या तरी घराच्या छतात राहील. फक्त जाण्यापूर्वी तिची नोंद राहू द्या.

२६/
तुमच्या घरी, गोठ्यात वा परसात अशी गाडी उभी असेल तर खाली लिहा : कोणती, कोणत्या साली घेतली आणि घरच्यांनी तिच्यात काय बदल केले. आजोबांना, मामांना आजच विचारा. गाडीचा गंज काढता येतो, आठवणींची मुदत मात्र माणसाबरोबर संपते.