हातांची मोजदाद

परदेशी मिशनरी मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः ग्रंथकार व शिक्षक म्हणून. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे फादर स्टीफन्स आपल्या वाङ्मयेतिहासात कायमचे स्थान मिळवून बसले. धर्मांतराच्या प्रश्नावर आपल्याकडे वादही पुष्कळ झाले. परंतु परमुलखात गेलेल्या धर्मोपदेशकापुढे कधी कधी एक निराळीच परीक्षा उभी राहते. जेथे मनुष्यवध हा रोजच्या कामकाजाचा भाग होऊन बसला आहे आणि ज्याचे कोणालाच काही वाटेनासे झाले आहे, तेथे त्याने काय करावे? काँगोचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने मध्य आफ्रिकेतील एक विस्तीर्ण मुलूख आपल्या खाजगी सत्तेखाली आणला. त्याचे नाव मात्र ‘काँगो स्वतंत्र राज्य’! १८८८ नंतर हवा भरलेल्या रबरी धावांचा प्रसार झाला, तशी रबराची मागणी झपाट्याने वाढली. काँगोच्या अरण्यातील वेलींपासून हे रबर मिळे; ते गोळा करण्याची सक्ती गावागावांवर करण्यात आली. ठरलेला भरणा न झाल्यास बायकांना ओलीस धरीत, गावे जाळीत, माणसे मारीत. शिपायाने काडतुसे शिकारीत उधळू नयेत म्हणून खर्ची पडलेल्या काडतुसाचा पुरावा मागण्याची पद्धत पडली, आणि तो पुरावा म्हणजे मृताचा उजवा हात. हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. क्रौर्याला येथे क्रोधाची गरज उरली नव्हती. हिशेबाची वही पुरेशी होती.

स्वीडिश मिशनरी शब्लोम याच्यासमोर १८९५ साली घडलेला प्रसंग या स्थितीवर लख्ख प्रकाश टाकतो. तो उपदेश करीत असताना एका शिपायाने जमावातील एका म्हाताऱ्याला पकडले. म्हाताऱ्याचा अपराध एवढाच की रबर गोळा करण्याऐवजी तो मासे धरीत होता. शिपायाने सर्वांदेखत त्याला गोळी घातली आणि एका लहान मुलाला मृताचा हात कापण्यास सांगितले. शब्लोमने अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, पुढे युरोपातील वृत्तपत्रांतून लिहिले. आम्हांस या प्रसंगात सर्वांत भयंकर वाटते ते गोळीबारापेक्षा त्या मुलाच्या हाती सुरी देणे. कारण बधिरता ही केवळ शिपायापुरती राहत नाही. ती पुढच्या पिढीला शिकवली जाते.

यानंतरचे नाव विल्यम शेपर्ड याचे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले असता, १८६५ साली, व्हर्जिनियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन उपदेशक १८९० मध्ये काँगोस पोहोचला. कसाई प्रांतातील लुएबो येथे त्याचे ठाणे होते. १८९२ मध्ये तो कुबा लोकांच्या राजधानीत जाऊन आला. त्यांच्या विणकामाविषयी व कोरीव कामाविषयी त्याला मनापासून आदर होता. १८९९ च्या सप्टेंबरात सरकारच्या वतीने खंडणी वसूल करणाऱ्या झाप्पो-झाप टोळीने जवळच्या मुलखात कत्तल केल्याची वार्ता आली, तेव्हा सहकारी मॉरिसन याने त्याला चौकशीस धाडले. टोळीच्या नायकाने त्याचे स्वागत केले. दडवावे असे काही आपल्या हातून घडले आहे, अशी त्या नायकाची भावनाच नव्हती. काठ्यांच्या मांडवीखाली मंद विस्तव ठेवून वर हात धुरावण्यास मांडले होते. सरकारला दाखवावयाचे तर ते कुजता कामा नयेत. शेपर्डने ते मोजले. एकूण ८१ उजवे हात भरले.

या मोजण्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नायकही मोजतच होता, राज्यही मोजतच होते. परंतु राज्याच्या मोजणीत हात हा काडतुसाचा हिशेब होता. शेपर्डच्या मोजणीत प्रत्येक हातामागे एक माणूस उभा राहिला. बधिरतेवरचा उतारा नुसता आक्रोश नव्हे. आक्रोश विरून जातो. नेमकी, तपासता येणारी साक्ष टिकते.

ती टिकलीही. मॉरिसनने हा वृत्तांत अधिकाऱ्यांकडे व परदेशी नेला. १९०४ साली ब्रिटिश वकील केसमेंट याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मोरेलने काँगो सुधारणा संघ स्थापला. त्याच वर्षी बारिंगा येथील मिशनरी ॲलिस हॅरिस हिने, आपल्या चिमुकल्या मुलीचा तोडलेला हात व पाय समोर ठेवून बसलेल्या न्साला नावाच्या पित्याचे छायाचित्र घेतले. जादूच्या दिव्याने अशी चित्रे पडद्यावर पाहून ब्रिटन-अमेरिकेतील सभा हादरल्या. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जमच्या स्वाधीन करावा लागला. कुबांच्या हालांविषयी लिहिल्याबद्दल रबर कंपनीने शेपर्डवर बदनामीचा खटला भरला; बेल्जमचे समाजवादी पुढारी वांडरवेल्डे स्वतः काँगोस येऊन त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला.

मिशनऱ्यांना देवत्व देण्याचे मात्र कारण नाही. ठाण्यांसाठी लागणारी जमीन सरकारच्या मर्जीवर अवलंबून असल्याने अनेकांनी दीर्घकाळ मौन पाळले. शेपर्डलाही खाजगी वर्तनातील दोषामुळे १९१० मध्ये काँगो सोडावा लागला. सक्तीची मजुरीही बेल्जमच्या अमलात लगेच संपली नाही.

शिवाय साक्ष केवळ परक्यांनीच दिली असे समजणे अन्यायाचे होईल. राजानेच नेमलेल्या चौकशी मंडळापुढे १९०४-०५ च्या सुमारास बोलिमाचा प्रमुख लोंतुलू आला. त्याने मंडळासमोर ११० काड्या मांडल्या. रबरापायी मारलेल्या माणसामागे एक काडी. आणि प्रमुख, पुरुष, स्त्रिया, मुले यांच्या काड्या लहानमोठ्या. हात तोडून मेलेल्यांची गणती करणाऱ्या राज्याला त्याने दिलेले हे उत्तर होते. लेखणी त्याच्यापाशी नव्हती. परंतु गेलेल्यांपैकी लहान कोण, मोठे कोण, हे तो विसरला नव्हता.