वाटेवरचे देव आणि त्यांचे फोटो

धुळ्याहून शिरपूरकडे निघा, नाहीतर पारोळा-एरंडोलवरून जळगावला या. गावाच्या शिवेवर एखादा देव भेटतोच. कुठे निंबाखाली म्हसोबा, कुठे मरीआई, कुठे शेंदराने माखलेला मारुती. आपण हात जोडतो आणि पुढे जातो. पण हा देव इतिहासाचा साक्षीदारही असतो बरे!

जरा बारकाईने पाहा. पुष्कळदा शेंदराखाली वीरगळ निघतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी किंवा गुरांसाठी लढून पडलेल्या माणसाचे ते स्मारक. त्याचे नाव लोक विसरले. पूजा तेवढी राहिली.

हेन्री कझिन्स यांनी साक्री तालुक्यातील बळसाणे येथील देवळांची छायाचित्रे घेतली. त्यांचा दख्खनच्या मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली निघाला. थोरल्या देवळांची अशी नोंद झाली. वाटेवरच्या देवांकडे मात्र दामोदर धर्मानंद कोसंबींनी निराळ्या नजरेने पाहिले. पुणे भागात पायी हिंडून त्यांनी अशी ठाणी टिपली. कित्येक ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे सापडली. ही ठाणी फार जुन्या वाटांवर आहेत, असे त्यांनी १९६२ च्या ग्रंथात मांडले.

म्हणजे मूर्तीइतकीच तिची जागा बोलते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तर तिथे जपता येते, मूर्तीही ठेवता येते. पण जागा कशी उचलून नेणार? रस्ता रुंद झाला, देव हलला, की ती खूण पुसली. कुठे भक्तीपोटी तैलरंग चढतो, फरशी बसते. कोरीव काम दिसेनासे होते.

म्हणून गुरुजनांना विनंती आहे. आता फोटो काढायला मोबाइल पुरतो. आधी पुजाऱ्याला किंवा भगताला विचारा. शेंदूर खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. एक फोटो झाड आणि वाट यांसह घ्या, दुसरा जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग वहीत गाव, शिवार, देवाचे तोंड कोणत्या दिशेला, तारीख आणि लोक सांगतात ते नाव लिहा. म्हातारी माणसे अहिराणीत जी हकिकत सांगतील, ती त्यांच्याच शब्दांत उतरवा. शाळेत अशी एक वही झाली, तरी गावाच्या इतिहासाचे पहिले पान लिहून झाले म्हणायचे.