चिन्ह, प्रमाद आणि पुनरावृत्ती : ‘पंच-आउट’ या खेळाचा इतिहास

१

खेळ आणि कला यांच्या नात्याचा विचार सौंदर्यमीमांसेला नवा नाही. शिलरने क्रीडावृत्तीत मानवी स्वातंत्र्याचे बीज पाहिले. योहान हायझिंगाने १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’मधून संस्कृतीची मुळे खेळात शोधली. रोजे काय्वाने १९५८ मध्ये स्पर्धा, यदृच्छा, अनुकरण आणि भोवळ असे खेळांचे चतुर्विध वर्गीकरण केले. या परंपरेत एका प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. जो खेळ खेळणाऱ्याला बहुतेक वेळा हरवतो, त्याच्याकडे खेळणारा पुन्हा पुन्हा का वळतो? येस्पर यूल याने २०१३ मध्ये ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ या पुस्तकात हा प्रश्न व्हिडिओ खेळांच्या संदर्भात उपस्थित केला आणि त्याचे नाते शोकात्मिकेच्या जुन्या कोड्याशी जोडले. दुःखद नाटक प्रेक्षक का पाहतो, हे ते कोडे. परंतु शोकात्मिकेत पतन नायकाचे असते, येथे ते खेळणाऱ्याचे स्वतःचे असते. या भेदाचे परिणाम काय होतात, हे निन्टेन्डो कंपनीच्या ‘पंच-आउट’ या मुष्टियुद्धाच्या खेळाच्या इतिहासातून पाहता येते.

२

हा खेळ प्रथम १९८४ मध्ये आर्केडमधील नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला. त्याची रचना गेन्यो ताकेदा याची, तर पात्रांची चित्रे शिगेरू मियामोतो याची. कंपनीकडे चित्रपडदे शिल्लक होते, म्हणून यंत्रात एकावर एक असे दोन पडदे बसविले गेले. खेळणारा आपल्या योद्ध्याच्या पाठीमागून रिंगणाकडे पाहतो, त्यामुळे त्याचाच देह प्रतिस्पर्ध्याला झाकणार, ही अडचण होती. ती दूर करण्यासाठी खेळणाऱ्याचा योद्धा केवळ हिरव्या रेषांच्या जाळीचा, म्हणजे पारदर्शक केला गेला.

१९८७ मध्ये हा खेळ घरगुती यंत्रासाठी नव्याने रचला गेला. त्या यंत्राला जाळीचा देह पेलणारा नव्हता. तेव्हा दृष्टीचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी योद्धाच लहान करण्यात आला. हा सतरा वर्षांचा, १०७ पौंड वजनाचा ‘लिटल मॅक’. प्रतिस्पर्ध्यांच्या भल्यामोठ्या हलत्या आकृत्यांसाठी कार्ट्रिजमध्ये खास चिप घालावी लागली. बुटक्याने महाकायांना लोळवावे, ही या खेळाची लोककथेसारखी वाटणारी कल्पना अशा रीतीने यंत्राच्या मर्यादेतून निपजली आहे. आशयातून रूप घडते की रूपातून आशय, या मराठी समीक्षेतील परिचित वादाला हे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी जपानमध्ये गोल्फच्या एका व्हिडिओ खेळाच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून या खेळाची १०,००० सोनेरी कार्ट्रिजे वाटण्यात आली. त्यांत शेवटचा प्रतिस्पर्धी ‘सुपर माचो मॅन’ हा काल्पनिक योद्धा होता. बाजारात आलेल्या आवृत्तीत त्याच्यापुढे आणखी एक लढत जोडली गेली. हा नवा प्रतिस्पर्धी माइक टायसन. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला हरवून वयाच्या विसाव्या वर्षी तो हेवीवेट जगज्जेता झाला होता, आणि खेळाच्या शीर्षकातही त्याचे नाव आले.

३

खेळाची यंत्रणा काटकसरीची आहे. डावीकडे वा उजवीकडे झुकणे, हात वर धरून ठोसा अडविणे, खाली वाकणे, आणि डोक्यावर किंवा पोटावर ठोसा मारणे, याच मुख्य क्रिया. अधीरपणाला येथे थेट शिक्षा आहे. मॅकजवळ ठराविक ‘हृदये’ असतात. त्याचा ठोसा अडविला गेला किंवा त्याला मार बसला, की ती कमी होतात. ती संपली की त्याचा रंग पालटतो, त्याला ठोसा मारता येत नाही आणि काही काळ केवळ वार चुकवीत राहावे लागते. आंधळेपणाने बटणे दाबणारा येथे लवकरच निःशस्त्र होतो.

उरतो तो एकच मार्ग, प्रतिस्पर्ध्याचे वाचन. प्रत्येक वारापूर्वी एक खूण असते. कोणी भुवया उडवितो, कोणी मागे सरकतो. ‘किंग हिप्पो’ तोंड उघडतो त्याच क्षणी ठोसा बसला तर त्याची विजार घसरते आणि पोट उघडे पडते. ‘बाल्ड बुल’ धावत येतो तेव्हा नेमक्या क्षणी पोटात बसलेला एक ठोसा त्याला आडवा करतो.

रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये मुष्टियुद्ध आणि तमाशेवजा फ्रेंच कुस्ती यांत भेद केला आहे. मुष्टियुद्ध ही प्रेक्षकासमोर हळूहळू उलगडणारी आणि शेवटाकडे नेणारी कथा असते, तर त्या कुस्तीतला प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण आणि तात्काळ कळणारा असतो, कारण मल्लाचा देहच चिन्ह होऊन येतो. ही कुस्ती आपल्या तालमीतली नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे. तालमीतला मल्ल आपला डाव लपवितो, बार्थचा मल्ल आपला स्वभाव जाहीर करतो. या भेदाच्या आधारे पाहता ‘पंच-आउट’ नावाने मुष्टियुद्ध असले तरी चिन्हव्यवस्थेच्या दृष्टीने बार्थच्या कुस्तीच्या कुळातले आहे.

त्याच्या आकर्षणाचा उगमही येथेच सापडतो. प्रत्येक पराभवानंतर खेळ जणू बजावतो की खूण दिली होती, ती वाचली गेली नाही. अन्यायाची तक्रार करावयास जागा राहत नाही, आणि म्हणूनच वैताग अधिक तीव्र होतो. दोष दैवावर ढकलता आला असता तर खेळणारा उठून गेला असता. तो स्वतःचा ठरल्यामुळे बसून राहतो.

मर्ढेकरांनी लयतत्त्वाची फोड करताना संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम सांगितले. प्रतिस्पर्ध्याच्या ठोशांचा आवर्ती क्रम, त्यात अवचित येणारा विलंब आणि या दोहोंना सामावून घेणारी खेळणाऱ्याची हालचाल यांना हे नियम लावून पाहता येतात. पण एक अडचण उरते. अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हा अडथळा मानला. येथे दुःख तर खेळणाऱ्याचेच आहे, त्याचे साधारणीकरण व्हावे कसे? उत्तर पुनरावृत्तीत शोधावे लागते. विसाव्या प्रयत्नात पहिल्या प्रयत्नाचा संताप उरत नाही, क्रमाचे भान उरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) ज्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचे द्वंद्व मांडले, त्यांतील एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवास हा खेळ एकाच खेळणाऱ्याकडून करवून घेतो.

४

मात्र या वाचनीयतेची एक किंमत आहे, आणि ती मोजणारे खेळणारे नव्हेत. थोड्या रेषांत, थोड्या क्षणांत ओळखू यावा असा प्रतिस्पर्धी हवा असेल, तर रचनाकाराचा हात आपोआप तयार साच्यांकडे जातो. ‘ग्लास जो’ हा ९९ लढती हरलेला फ्रेंच, आणि त्याच्यासाठी वाजते फ्रान्सचे राष्ट्रगीत. ‘फॉन कायझर’ या जर्मनासाठी वॅग्नर, ‘डॉन फ्लेमेंको’ या स्पॅनियार्डसाठी ‘कारमेन’. आर्केडवर आलेल्या पुढच्या भागातील रशियन योद्ध्याचे आडनाव दारूडेपणावर बेतलेले होते. घरगुती आवृत्तीत त्याचे ‘सोडा पोपिन्स्की’ झाले, परंतु हातातली बाटली सुटली नाही.

या मालिकेत मराठी वाचकाला थबकविणारे पात्र म्हणजे ‘ग्रेट टायगर’, मुक्काम मुंबई. त्याच्या डोक्यावर फेटा, फेट्यात रत्न, आणि अंगी जादू. ठोसा येण्यापूर्वी ते रत्न लुकलुकते. तो अदृश्य होऊन पुन्हा प्रकटत पाच ठोसे लगावतो. ते सारे अडविले तर त्याला भोवळ येते आणि एका ठोशात तो कोसळतो. जिच्या नावावर तो उभा आहे त्या गिरण्यांच्या आणि चाळींच्या मुंबईचा त्याच्यात मागमूस नाही. त्याची वंशावळ पाश्चात्त्य रंगमंचावरच्या ‘हिंदी जादूगारा’पर्यंत जाते. एडवर्ड सैदने १९७८ मध्ये ज्या पौर्वात्यवादाची चिकित्सा केली त्याचे हे सोपे उदाहरण म्हणून थांबता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. येथे साचा केवळ सजावट म्हणून आलेला नाही. लुकलुकणारे रत्न ही खेळाची न्याय्य खूण आहे. तिच्याविना खेळणाऱ्याला दाद मागावयास जागा राहिली नसती. खेळणाऱ्याला मिळणारा न्याय आणि पात्रावर होणारा अन्याय एकाच रत्नात सामावलेले आहेत.

२००९ मध्ये कॅनडातील नेक्स्ट लेव्हल गेम्स या संस्थेने निन्टेन्डोच्या वी यंत्रासाठी हा खेळ पुन्हा रचला. शहराचे नाव त्यात ‘मुंबई’ असे आले. फेटा आणि जादू तशीच राहिली.

५

या चौकटीत टायसनची लढत वेगळी ठरते. पहिली दीड मिनिटे त्याचा प्रत्येक अपरकट मॅकला एका फटक्यात खाली पाडतो. खूण येथेही असते, मात्र खूण आणि वार यांतले अंतर इतके आक्रसते की वाचनाला सवड उरत नाही. जे आधी बुद्धीने केले ते आता देहाने पाठ केलेले असावे लागते. वाचनाचे पाठांतर होते तो हा टप्पा, आणि बहुसंख्य खेळणारे येथेच अडकले.

११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो येथे बस्टर डग्लसने टायसनला हरविले. त्याच वर्षी परवान्याची मुदत संपल्यामुळे खेळ नव्या रूपात आला. शेवटचा प्रतिस्पर्धी आता ‘मिस्टर ड्रीम’ होता. टायसनला झालेल्या शिक्षेमुळे त्याचे नाव काढले गेले, असा समज प्रचलित आहे. तो कालक्रमाला धरून नाही. त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरविले गेले ते १९९२ मध्ये, म्हणजे बदलानंतर. बदल झाला तो चेहऱ्यात आणि नावात. ठोशांचा क्रम, त्यांची गती आणि ती दीड मिनिटे तशीच ठेवली गेली. एका कृष्णवर्णीय माणसाचे शीर काढून काल्पनिक गोऱ्या योद्ध्याचे बसविले, तरी काठिण्यात तसूभरही फरक पडला नाही.

या बदलातून खेळाचे अंतर्गत तर्कशास्त्र उघडे पडते. ‘पंच-आउट’मध्ये माणूस म्हणजे खुणांचा क्रम, आणि क्रम शिकला की माणूस संपतो. खेळणाऱ्याला येणारा वैताग आणि त्यानंतरचे समाधान, दोन्ही या गृहीतकावर उभी आहेत. अवघड खेळाची थोरवी गाताना तो चिकाटी शिकवितो असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण त्याबरोबरच समोरचा माणूस पूर्णपणे वाचता येतो, अशी एक सवयही तो लावतो. साहित्याच्या अभ्यासकाला या सवयीची ओळख असावयास हवी, कारण पात्राला ठरीव लक्षणांत बसवून त्याचे वाचन संपविण्याचा मोह समीक्षेलाही होत असतो. फेट्यातल्या रत्नाकडे नजर खिळवून बसलेला खेळणारा जिंकतो. फेट्याखालच्या माणसाबद्दल त्याला काहीच कळलेले नसते, आणि जिंकण्यासाठी ते कळण्याची गरजही नसते.